लांबवलेलं अपडेट

खरं तर त्या जनावरांच्या दवाखान्यात जायची पाळी तिची नव्हतीच. सहा महिन्यांपूर्वी तिचा सहकारी तापाने आडवा झाला म्हणून ती गेली, आणि दारातच एक ओलं कुत्रं तिच्या पायांवर येऊन बसलं ते उठेचना.

"त्याला तुम्ही आवडलात," डॉक्टर म्हणाले. तरुण, बाह्या दुमडलेल्या, केसांत कुठल्याशा पोपटाचं पीस. "आता तासभर हलू नका."

ती हलली नाही. तिथेच सगळा घोटाळा झाला!

दवाखान्याचं सॉफ्टवेअर तिच्या कंपनीचं. ते ज्या लायब्ररीमार्फत, म्हणजे तयार कोडच्या संचामार्फत, नोंदींच्या डेटाबेसशी बोलायचं, तिला एक खोड होती... एकदा उघडलेलं कनेक्शन ती बंदच करायची नाही. आठ-दहा दिवसांत कनेक्शनं तुंबायची, स्क्रीन गोठायची, डॉक्टरांचा फोन यायचा आणि या बाईसाहेब बॅग उचलून धावायच्या. काम पाच मिनिटांचं, गप्पा पाऊण तास. आई तर म्हणायची, "त्या दवाखान्यातला कॉम्प्युटर आजारी पडला की तुला कसं बरं वाटतं गं!"

गेल्या आठवड्यात मात्र स्क्रीन गोठली तेव्हा टेबलावर धापा टाकणारी मांजर होती, आणि तिला कोणतं औषध सोसत नाही याची नोंद आत अडकलेली. मांजर वाचली. पण अगदी थोडक्यात. म्हणून आज ती लायब्ररीचं नवं व्हर्जन टाकायला आली होती. ते टाकलं की काही बिघडणार नव्हतं... म्हणजे इथे यायला कारणही उरणार नव्हतं.

कंपनीत एक शिस्त होती. अपडेट करताना नव्या व्हर्जनमधल्या बदलांची यादी दुसऱ्या कुणीतरी मोठ्याने वाचायची, म्हणजे नजरेतून काही सुटत नाही. आज दुसरं होतं कोण?

"तुम्हीच वाचा ना," मोबाइल पुढे करत ती म्हणाली. बोटांना बोटं लागली. तिने घाईघाईने कीबोर्डकडे पाहिलं.

"कनेक्शन आपोआप बंद होतील," डॉक्टर बातम्या दिल्यासारखं वाचू लागले. "तारखा काटेकोरपणे तपासल्या जातील..." ते थांबले. "अहो, पण हे तर चार महिन्यांपूर्वीच आलंय!"

यादीच्या वरची तारीख! ती साफ विसरली होती. तिचे कान तापले.

"कंपनीला आत्ता कळलं का?"

नुसतं "हो" म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "मीच जुनं व्हर्जन राहू दिलं. नवं टाकलं असतं तर तुमचा फोन आला नसता... त्या मांजरीला काही झालं असतं तर — चुकलंच माझं. आणि तुम्ही मला फार आवडता. झालं, सांगून टाकलं!"

डॉक्टरांनी मोबाइल टेबलावर ठेवला. "दहा मिनिटं तडफडत होती ती. मी खरंच रागावलोय."

"रागवा."

तिने नवं व्हर्जन टाकलं. स्क्रीनवर त्याच्या टेस्ट सुरू झाल्या. एकेक ओळ पास होऊन हिरवी होत होती आणि दोघंही तिकडेच बघत होते. शेवटची ओळ हिरवी झाली तशी ती उठली, बॅग खांद्याला अडकवली. मन मात्र पिसासारखं हलकं झालं होतं.

"आता हे बंद पडणार नाही?" मागून आवाज आला.

"नाही."

"नक्की?"

"अगदी नक्की."

"मग उद्या संध्याकाळी सहाला या." कपाळावरची आठी अजून तशीच होती, ओठांवर मात्र हसू आलं होतं. "काही बिघडलेलं नसताना तुम्ही कशा दिसता, ते मला एकदा बघायचंय."

"साडेपाचलाच येते," ती म्हणाली.