एउलालियाचा मोडलेला हात

जत्रेच्या पहाटे गाव जागवत फिरणाऱ्या सनईवाल्यांना ती कारंज्यापाशी सापडली. एउलालिया, रिउबेल गावाची राणी, तोंडावर पालथी. बारा फुटांची, कागदाच्या लगद्याची. आत माणूस शिरून तिला खांद्यावर नाचवतो. उजवा हात कोपरापासून मोडला होता.

रेमेय आली. गावची पोलीस ती एकटीच. मार्चमध्ये आई गेल्यापासून तिला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. पंक्चर सायकलीकडे पाहावं तसं तिनं राणीकडे पाहिलं.

"बिएलच! ढोसली असणार!" राणी नाचवणाऱ्या मंडळाचे प्रमुख फ्रुइतोस म्हणाले. पाच फुटांची ही बुटकी मूर्ती म्हणजे रेमेयचे वडील. "राणीच्या कोठाराच्या किल्ल्या दोनच. एक माझी, एक त्याची. दहाला मिरवणूक. त्याआधी हात वर करून मतं घेऊ आणि त्याला मंडळातून काढू."

साडेसहा फुटी बिएल मान खाली घालून उभा होता. चार वर्षं वाट पाहून यंदा राणी त्याच्या खांद्यावर येणार होती. काल संध्याकाळी त्यानं सगळ्यांसमोर खांद्याची उशी आपल्या मापाला लावूनही घेतली होती.

"रात्री कुठे होतास?"

"झोपलो होतो, रेमेय. आईशप्पथ."

"साक्षीला कोण?"

"एकटा राहतो मी. मांजर आणू का?"

कोणी हसलं नाही.

"किल्ली?"

"ही काय, गळ्यात."

रेमेयनं राणीचा घागरा सारला. आत लाकडी सांगाडा, दांड्याला उशी वर-खाली करायच्या खाचा. उशी सगळ्यात खालच्या खाचेत होती.

"बाबा, बसा ना बाकावर."

"उभाच बरा आहे."

"मग तो तुटका हात तेवढा द्या. तुमच्या पायाशीच आहे."

"तूच उचल. कालपासून कंबर धरलीय."

"काल संध्याकाळी तर चौकात फेर धरून नाचत होतात."

रेमेय राणीकडे वळली.

चौघांनी राणी उभी केली. "बिएल, आत शीर. उशीला हात लावू नकोस."

"अगं, ही उशी तर छातीशी येतेय!" आतून आवाज आला. "उचलायची तर रांगावं लागेल!"

"ऐकलंत?" रेमेय सगळ्यांना म्हणाली. "उशी आपल्या खांद्याला लावल्याशिवाय राणी उचलता येत नाही. काल ती वरच्या खाचेत होती, आज तळाच्या. किल्लीवाले दोघं, त्यात बुटका एकच. तीस वर्षं राणी नाचवल्याच्या सवयीनं हात आपल्या खाचेकडे गेला. पडल्यावर कंबर मोडलेली, उशी परत वर करायचं कुठलं सुचतंय? हो ना, बाबा?"

फ्रुइतोसनी कमरेवर हात ठेवला.

"डॉक्टरनं राणी उचलायला बंदी केलीय. पण हा घागरा तुझ्या आईनं शिवलेला शेवटचा. एकदाच नाचवायची होती गं. कारंज्याशी कळ आली."

"ते समजलं. पण बिएलचं नाव का घेतलंत?"

"सगळे जमले. लाज वाटली."

यावर चिडायला हवं होतं, हे रेमेयला कळत होतं. राग आला नाही.

"मतं घ्या. नाव तेवढं बदला," ती म्हणाली.

पहिला हात फ्रुइतोसनी स्वतःच वर केला. मग एकेक करत सगळ्यांचे वर गेले. बिएलचा तेवढा खाली राहिला.

रेमेयनं वडिलांना घरी नेलं, कमरेला गरम पाण्याची पिशवी दिली. ते लहान मुलासारखे रडले. ती शेजारी बसून राहिली. आपल्याला रडू येत नाही, याचं मात्र तिला फार वाईट वाटलं.