तीन फुलांचा कुडता

"शुक्रवारी निकाह हाय अन् कुडता पेटीतून गायब," अफ्रीन म्हणाली. "आमच्या घरची हर नवरी तोच घालते. मी काय घालू?"

वाशीमच्या खासगी गुप्तहेर सपनाताईंनी तिच्यापुढे पाणी ठेवलं. त्यांचे मदतनीस जानराव, एसटीचे निवृत्त कंडक्टर. चोर कोण हे ते ऐकताऐकताच ठरवून टाकत आणि दर वेळी तोंडघशी पडत.

अफ्रीनने मोबाइलवर जुना फोटो दाखवला. शंभर वर्षांपूर्वीचा लेसचा कुडता, काठाला रेशमी भरतकाम.

"लग्न झालं की नवरी आपल्या हातानं एक फूल भरते. आतापावतर चौघींनी घातला."

जानरावांनी सवयीने मोजलं. "फुलं तं तीनच हायेत."

वाशीमजवळच्या मालेगावात अफ्रीनच्या घरी पेटीचं कुलूप शाबूत होतं. किल्ली अफ्रीनच्या दादीच्या, हुस्नाबानोंच्या कमरेला.

अफ्रीनचे वडील मुनाफ शिंपी. "पोरीले घट्ट होते, मी कंबरेत ढिला करतो म्हटलं. अम्मीनं कैची लावू देली नाही."

जानरावांनी सपनाताईंना कोपराने ढोसलं. सापडला चोर!

"मले तो कुडता जुनाट वाटते," आई तहसीन म्हणाली. "पन त्यातलं पिवळं फूल माह्यं हाय. मी कायले लपवू?"

"घरात नवीन काही?" सपनाताईंनी विचारलं.

"काही नाही. अम्मी रोज दुपारी सुईत दोरा ओवून मागते, मोतीबिंदू हाय ना. शिवलेलं मात्र काही दिसत नाही."

सपनाताईंनी हुस्नाबानोंचा हात हाती घेतला. बोटांची टोकं टोचलेली होती.

"वांग्याचे काटे रुतले," म्हातारी म्हणाली.

सपनाताईंनी सगळ्यांना बसवलं.

"कुलूप तुटलं नाही, किल्ली एकीजवळच. रोज दोरा लागते, पन शिवलेलं दिसत नाही. म्हणजे रोज शिवून रोज उसवनं चालू हाय. चार नवऱ्या, फुलं तीन. तहसीनचं पिवळं. पयल्या दोघी आता नाहीत, म्हणजे आता फूल भरनारी एकच उरते. दादी, तुमचं फूल कुठं हाय?"

हुस्नाबानोंनी टोचलेली बोटं ओढणीखाली घेतली.

"भरलं होतं मी. टाके वाकडे म्हणून सासूनं त्याच रोजी उसवलं. आता अफ्रीन काठ पाहीन अन् इचारीन, दादी, तुमचं कोणतं? शुक्रवारच्या आत भरून ठेवू म्हटलं. पन रोज वाकडंच होऊन राह्यलं."

त्यांनी गादीखालून कुडता काढला. काठावर एक लाल फूल एका अंगाला कललं होतं. ते उसवायला त्यांचा हात कैची चाचपडू लागला.

जानरावांचे डोळे भरून आले. मुनाफकडे बघायची त्यांना लाज वाटली.

अफ्रीनने कैची उचलून बापाच्या हाती दिली.

"अब्बा, कंबरेत पाहिजे तेवढं उसवा. या फुलाले हात लावू नका. माह्यं फूल मी याच्याच बाजूले भरीन."

मुनाफने आईकडे पाहिलं. हुस्नाबानोंनी कमरेची किल्ली सोडून नातीच्या हाती ठेवली.