कंदील सोडला होता

हळद जमिनीखालीही श्वास घेते.

यंदाच्या मालिकांमधला सर्वांत खोल ठसा : शंभरात चौऱ्याण्णव.

रॉकेलचा वास. मग तागाच्या पोत्यांचा. तळपायांखाली गार माती.

“दादा, डबा आणलाय. आधी जेव, मग उतर.”

हा वास, ही माती आणि दादाला मारलेली ही हाक ज्यांना स्वतःच्या आठवणी वाटतात, अशी माणसं आता राज्यभर आहेत. त्यांतल्या बहुतेकांनी हळदीचं पेव कधी पाहिलेलं नाही. त्यांनी ‘पेव’ नावाची मालिका पाहिली आहे.

दादा मात्र एकीचाच होता.

*

“पेवला बक्षीस देणार म्हणे तुम्ही,” सारिका मगदूम म्हणाली. ती सांगलीजवळच्या कृष्णाकाठच्या गावाहून पुण्याला, डॉ. अस्मा मुल्लांच्या प्रयोगशाळेत आली होती.

“मोजमाप माझं. बक्षीस समिती देते.”

“देऊ नका.”

“आवडली नाही का मालिका?”

“न आवडायला काय झालं? रोज बघते. तिथंच तर घोळ झालाय.”

*

शीतगृहांची वीज परवडेनाशी झाली, तशी जुनी पेवं पुन्हा उघडली. पेव म्हणजे हळद साठवायची जमिनीतली खोल खोली. वर एक अरुंद तोंड. आत हळद श्वास घेते आणि विषारी हवा तळाशी साचते. म्हणून पेव उघडलं की वाट बघायची, मग दोरीने पेटता कंदील आत सोडायचा. ज्योत विझली तर माणूस उतरत नाही.

सारिकाचा भाऊ धनपाल उतरला आणि वर आला नाही. पेवाच्या मालकाला माल तातडीने हवा होता. त्याने कंदील न सोडताच धनपालला उतरवलं, असा आरोप होता. पेवाच्या तोंडाशी तेव्हा मालक होता, आणि डबा घेऊन आलेली सारिका. तिसरं कुणी नव्हतं.

*

मालिका आता नुसत्या बघत नाहीत. कपाळाला एक पट्टी बांधतात. चित्राबरोबर वास, गारवा, स्पर्शही मेंदूत पोचतो. याला अनुभूतिपट म्हणतात. महिन्याभराने प्रेक्षकाला सहज एखादा तपशील विचारायचा आणि तो ‘मी पाहिलं’ म्हणून सांगतो की ‘मालिकेत होतं’ म्हणून, ते मोजायचं. शंभरातले जितके ‘मी पाहिलं’ म्हणतील, तेवढा ठसा. ही रीत अस्मानेच शोधली होती. समीक्षकांची भांडणं तिने संपवली, असं तेव्हा लोक म्हणाले होते.

*

“माझ्याकडनंच सगळं विचारून नेलं त्यांनी,” सारिका म्हणाली. “आभारात नाव पण घातलं. कंदील सोडलाच नव्हता, हे मीच सांगितलं. तर दिग्दर्शक म्हणतो, ताई, अंधारात ज्योत खाली जाताना फार सुंदर दिसतं. मालिकेत तो कंदील सोडतात, ज्योत नीट जळते, दादा उतरतो, आणि परका कोणतरी येऊन वरून तोंड बंद करतो.”

“आणि तुम्ही ते रोज बघता?”

“पट्टी बांधली की दादा असतोय की हो तिथं. घामाचा वाससुद्धा. दुसरीकडं कुठं भेटणार?”

अस्माने समोरची वही मिटली.

“आता मला कंदील दिसतो. मालकाच्या हातातली दोरी दिसते. पोलिसांना मी ‘नव्हता’ म्हटलेलं, ते वहिनी सांगते म्हणून मला कळतं. पण तो जबाब कोर्टात चालत नाही म्हणे. तिथं उभं राहून पुन्हा सांगायचंय, शपथ घेऊन. ज्योत जळत असती तर दादा मेला नसता, एवढं मला कळतं. पण दिसतंय ते असं. माझी आठवण तेवढी मला परत काढून द्या.”

“ती मागे उरलेलीच नाही, ताई.” अस्मा सावकाश बोलली. “आठवण पेटीतल्या फोटोसारखी नसते. आपण ती दर वेळी उसवतो आणि नव्याने शिवून ठेवतो. उसवलेली असताना जे जवळ असेल, तेही शिवलं जातं. जुनी गोधडी खाली वेगळी नसते.”

“मग कोर्टात येऊन हेच सांगा.”

“सांगेन. पण मग न्यायाधीश तुमची सगळीच साक्ष बाजूला ठेवतील. मालक सुटेल.”

“आणि मला दिसतं ते सांगितलं तर?”

“तरी सुटेल.”

“म्हणजे खरं बोलायचं तर मी खोटं बोलायचं,” सारिका म्हणाली. “शिकलेल्या माणसांनी बरं करून ठेवलंय.”

*

समितीत अस्माने विरोध नोंदवला. अध्यक्षांनी तिचं नीट ऐकून घेतलं.

“सख्ख्या बहिणीची आठवण ज्या मालिकेने पुसली,” ते म्हणाले, “तिच्याहून खोल ठसा कुठला असणार, अस्माताई? मोजायची रीत तुमचीच आहे.”

त्या वर्षी प्रेक्षकांना विचारलेला प्रश्न होता : धनपाल उतरण्याआधी काय केलं? तो अस्मानेच निवडला होता.

बक्षीस ‘पेव’ला मिळालं.

*

कोर्टात अस्मा मागच्या बाकावर बसली. ती बोलणार नव्हती. सारिकानेच तसं सांगितलं होतं.

“कंदील सोडला होता का?” बचावाच्या वकिलांनी विचारलं.

सारिकाने डोळे मिटले. पापण्यांआड ज्योत होती, न हलणारी.

“नव्हता,” ती म्हणाली.

मालकाने तिच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्य होतं. मालिका त्यानेही पाहिली होती. हाताला दोरीचा काच त्याला आता मनापासून आठवत होता. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. बाकांवरून कुजबुज गेली. तिथल्या प्रत्येकाला रॉकेलचा वास आठवत होता.

अस्मालाही. ठसा कसा पडतो हे सगळं तिला ठाऊक होतं. तरी तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच : बिचारी. भावासाठी खोटं बोलतेय.

*

धनपाल उतरला त्या सकाळी मालकाच्या गोदामातला कंदील खुंटीलाच होता. त्याची काच आधीच्या आठवड्यात फुटली होती.