सामाईक वाडीतली हाळी

"वयनी, वाडीतनं हाळी आली तर उगा ओ द्यायची न्हाय. ज्यानं ओ दिली, त्याची राखण. बदली येईस्तवर माळ्यावरनं उतरायचं न्हाय."

धर्माजी राखणदाराचं हे बोलणं अजून माझ्या कानात आहे.

रोज तुळशीपुढे दिवा लावणारी बाई मी. खोटं लिहून मला काय मिळायचंय? हरिहरेश्वराच्या अलीकडे, आमच्या गावात, १९३१ च्या कार्तिकात हे घडलं.

देवळामागे गावाची सामाईक वाडी होती. केळी, सुरण, वांगी. देवाचा नैवेद्य काढून उरेल ते गावातल्या निराधार विधवांना. डुकरं यायची, वानरं यायची. धर्माजी वाडीतल्या उंच लाकडी माळ्यावर बसून पत्र्याचा डबा बडवायचा आणि शेजारच्या राखणदाराला हाळी घालायचा.

"जागा हाय काय?"

भाद्रपदात तो तापानं गेला.

मग केळीचे घड जायला लागले. चिखलात डुकराचे खूर उमटलेले.

पंचांतला शहाणा दिनानाथ म्हणाला, "डुकरं काय आवरत न्हायत. वाडी मोडू, गवताला देऊ."

गवत कुणाच्या गुरांना? त्याच्याच.

मी कुणाला वाईट बोलत नाही. पण घडांचे दांडे मी पाहिले होते. सपकन कापलेले. कोयता चालवणारं डुक्कर आमच्याच गावात निपजलं म्हणायचं!

देवळात मी हळूच तसं बोलले.

"वयनी, तुमी उपास करा. डुकरांचं आमी बघतो," दिनानाथ म्हणाला.

सगळे पंच हसले. विधवांच्या तोंडचा घास जात होता आणि हे तंबाखू मळत होते.

त्याच दिवशी, दिवेलागणीला...

मी तुळशीपाशी होते. वाडी आमच्या दगडी गडग्यापलीकडेच. एकाएकी रातकिडे थांबले.

वारा नव्हता. तरी डबा वाजला... एकदाच.

मग...

"जागा हाय काय?"

धर्माजीचा आवाज!

मी ओठ घट्ट मिटले.

आणि केळींच्या आतून कुणीतरी ओ दिली.

"हाय!"

दिनानाथ. शेजारचा राखणदार हाळी घालतोय असं त्याला वाटलं असणार. चोरी पकडली जाऊ नये म्हणून त्यानं स्वतःच राखणदाराचं सोंग आणलं.

सकाळी तो माळ्यावर बसलेला सापडला. डबा बडवून बडवून तळवे सोललेले. केळीखाली त्याचा कोयता, आणि काठीला बांधलेला डुकराचा वाळका खूर.

"उतर की, भाऊ," पंचांतला हिरामण म्हणाला.

"बदली... बदली कुठंय?"

त्याचा पाय शिडीकडे वळेना. चौघांनी ओढलं, तरी हलेना.

काल हसणाऱ्यांतल्या एकाचीही तिथे बसायची छाती झाली नाही. एकाला दमा आठवला, दुसऱ्याला माणगावचा बाजार. असले हे गावाचे खांब!

शेवटी दिनानाथाची बायको सगुणा पुढे आली.

"सांजच्याला मी येते. शब्द देते. तवर बसा."

वाडी मोडायची भाषा पुन्हा कुणी काढली नाही. पण ती हाळी कुणी घातली, ते मला आजही सांगता येत नाही. दिवा लावताना अजून कान तिकडेच असतात.

त्या संध्याकाळी सगुणानं मुलांना जेवू घातलं. लहानग्याला माझ्या मांडीवर दिलं.

"सगुणा, भीती नाही वाटत?"

"वाटते तर."

तिनं पदर खोचला, कंदील उचलला, आणि आवाज न करता वाडीच्या वाटेला लागली.