तिसरा रणवाघ

शंखदुर्गाच्या बुरुजांवर तांबडे फुटले, ओहोटीच्या पाण्याने काळे खडक उघडे पडू लागले. पण खाडीच्या मुखाशी नांगरलेल्या 'रणवाघ' जहाजावर उभ्या असलेल्या सरदार सटवोजी मयेकरांच्या मनातला अंधार काही हटेना. त्यांच्या आजोबांचा रणवाघ फिरंग्यांशी झुंजता झुंजता बुडाला होता, वडिलांचा वेढ्यात जळाला होता. दोन्ही वेळा सरकारने नवे जहाज बांधून तेच नाव दिले आणि मयेकरांच्याच हाती सोपवले. हा तिसरा रणवाघ मात्र पाण्यात उतरल्यापासून दावणीला बांधलेल्या बैलासारखा उभा होता. सुभेदार गंगाधर केशवांनी दारूगोळा किल्ल्याच्या कोठारात कुलपाआड ठेवला होता, आणि फिरंग्यांचा वकील त्यांच्याच सदरेवर पाहुणचार झोडत होता.

इतक्यात डोलकाठीवरून आरोळी आली. मीठ आणि माणसे घेऊन परतणाऱ्या आपल्या गलबतांच्या पाठीस फिरंग्यांचे लढाऊ जहाज लागले होते.

सटवोजी होडीने किनाऱ्याला लागले आणि धावतच किल्ल्यातल्या सदरेवर गेले.

"सुभेदारसाहेब, कोठार उघडा! बायकापोरे आहेत त्या गलबतांवर."

"तहाची बोलणी चालू आहेत, सरदार," सुभेदार वकिलाकडे पाहत शांतपणे म्हणाले. "हुजुरांची आज्ञा आल्याखेरीज एक गोळा सुटणार नाही."

"आज्ञा येईतो प्रेते किनाऱ्याला लागतील!"

"मग त्यांची उत्तरक्रिया करू. आपण जागेवर जावे."

सटवोजींनी मुजरा केला नाही. जहाजावर परतताच त्यांनी म्हाताऱ्या हसन तांडेलाला विचारले, "दारू नाही. काय करता येईल?"

"दारू नसली तरी जहाजाची पुढची नाळ मजबूत आहे, सरदार, धडक सोसेल," हसन म्हणाला. "वारा आपला आहे."

सटवोजींनी नांगराचा दोर स्वतःच्या तलवारीने तोडला. शिडे भरली. समोरून तोफा धडाडल्या, डोलकाठी मोडली, सुकाणूवरचा हसन छातीत गोळा लागून कोसळला. तेव्हा सटवोजींनी रक्ताने निसरडे झालेले सुकाणू स्वतः धरले आणि रणवाघ सरळ फिरंग्याच्या बरगडीत घातला. दोन्ही जहाजे एकमेकांत रुतून बुडाली. गलबते खाडीत सुखरूप शिरली.

पोहत आलेल्या सटवोजींना किनाऱ्यावरच कैद झाली. तहाची बोलणी मोडलीच, तसे सुभेदारांनी हुजुरांना कळवले, की फिरंग्याचे जहाज आपल्याच हुकुमाने बुडवले. त्यांना मानाची वस्त्रे आली. आज्ञेवाचून रणवाघ गमावल्याच्या ठपक्यावरून सटवोजींची सरदारकी गेली, तेव्हा कुठे सुटका झाली. हसनच्या विधवेला कोणी विचारलेही नाही.

वर्षाने चौथा रणवाघ पाण्यात उतरला. सरदारकी सुभेदारांच्या मेहुण्याला, रामाजीपंतांना मिळाली. खलाशांची भरती चालू असताना सटवोजी रांगेत येऊन उभे राहिले.

रामाजीपंत हसले. "काल सरदार होता, आज दोर ओढणार? लाज नाही वाटत?"

"वाटते," सटवोजी म्हणाले. "पण पंत, या नावाचे जहाज मयेकरांवाचून दर्यात गेलेले नाही."

पंतांनी हाताने जहाजाची वाट दाखवली. सटवोजी वर चढले, दोरांपाशी बसले. दुपार झाली, भरती आली, वाराही अनुकूल होता.

याही रणवाघाला नांगर उचलण्याचा हुकूम काही आला नाही.