टोपी हजर, आजी गैरहजर

"फेक! फेक लवकर!" चांगुणाबाई ओरडल्या.

त्यांची नात प्रेरणा हिने बसच्या दारातून आजीची पोपटी टोपी भिरकावली. टोपी दोन-तीन टकलांवरून तरंगत गेली आणि खिडकीजवळच्या सीटवर नीट जाऊन बसली.

"धरली!" तिचा भाऊ संघपाल म्हणाला.

औरादहून बिदरला जाताना जागा धरायची तर खिडकीतून रुमाल टाकतात. पण चीनमधल्या शिआन शहरातल्या या बसच्या काचा उघडतच नव्हत्या. ज्या देशाने एवढी लांब भिंत बांधली, त्याने प्रवाशांची ही साधी सोय करू नये, याचं सगळ्या गटाला वाईट वाटत होतं. मग ट्रॅव्हल्सवाल्यांनी दिलेल्या पोपटी टोप्या दारातून फेकायची पद्धत पडली. टोपी असलेल्या जागेवर कोणी बसत नसे. माणसाला ढकलून बसता येतं, टोपीला नाही. बिदरकडचा हा नियम परदेशातही लागू होता.

गटात बिदर आणि कलबुर्गीकडची माणसं होती. सकाळी मातीचे सैनिक बघून झाले होते, आत्ता शहराची तटबंदी झाली होती. राहिला होता तो जुना पॅगोडा. चांगुणाबाई फक्त त्याच्यासाठी आल्या होत्या. ह्युएनत्संग नावाच्या भिक्खूने भारतातून नेलेल्या ग्रंथांसाठी तो बांधला होता.

"त्यो इथून आपल्याकडं चालत आलता," त्या म्हणत. "परतभेट द्यायला नको व्हय?"

परतभेटीला रिकाम्या हाताने जात नाहीत, म्हणून त्यांनी औरादहून जवसाच्या चटणीचा डबा आणला होता. निम्मा डबा गटानेच संपवला होता. एकटे रामाचार्य तेवढे खात नसत. हे निवृत्त हेडमास्तर होते आणि त्यांचा चीनमध्ये रोज उपास असे. उपास चांगुणाबाईंचा डबा उघडला की लागे आणि बंद झाला की सुटे.

"आजोबा, सकाळी तर तुम्ही चार पाव खाल्ले!" त्यांची नात हर्षिता एकदा म्हणाली होती.

"ते उपासाचे होते," रामाचार्य म्हणाले होते.

"मी जरा जाऊन येते," आता चांगुणाबाई म्हणाल्या आणि डब्याची पिशवी घेऊन स्वच्छतागृहाकडे गेल्या. मुलं मागच्या बाकावर जाऊन बसली.

ट्रॅव्हल्सचा मॅनेजर बंडेप्पा याने माणसं मोजली. म्हणजे टोप्या मोजल्या. "डोकी हालतात, टोप्या हालत न्हाईत," असं तो म्हणे. हिशेब बरोबर आला. बस सुटली.

बरंच अंतर गेल्यावर प्रेरणाच्या लक्षात आलं. "संघपाल, आजी घोरंना झाली!"

दोघं पुढे धावले. सीटवर टोपी होती. टोपीखाली शाल होती. शालीखाली सीट होती.

"अण्णा, गाडी थांबवा! आमची आजी राहिली!"

"कशी राहील?" बंडेप्पा शांतपणे म्हणाला. "टोपी हाय की."

"टोपी हाय, पण आजी न्हाई!"

"मी टोपी मोजलो. माझा हिशेब चुकत न्हाई. म्हातारीचा चुकला असंल."

प्रेरणा-संघपालचे काका, म्हणजे चांगुणाबाईंचा धाकटा मुलगा नरसिंग, उठले. "फोन लावा की तिला."

आईच्या नंबरला त्यांनीच फोन लावला. त्यांच्याच खिशात दुसरा फोन वाजला. आई फोन हरवेल म्हणून त्यांनी तो काढून घेतला होता. फोन अगदी सुरक्षित होता.

"माघारी गेलो तर रेशमाचं दुकान बंद होतंय," बंडेप्पा म्हणाला. पॅगोडा त्याने केव्हाच रद्द केला होता. चिनी गाईडबाईंनाही दुपारीच सुट्टी दिली होती, कारण दुकानाचा रस्ता ड्रायव्हरला पाठ होता. "म्हातारीला रात्री हॉटेलवाले हुडकतील. पण मी कुणावर जबरदस्ती करत न्हाई. दुकानाला जायचं म्हणणाऱ्यांनी हात वर करा!"

हात वर झाले. रामाचार्यांनी तर डुलकी न मोडता हात वर केला. नरसिंगकाकांनी आधी खाली बघितलं, मग बायकोकडे बघितलं, मग अर्धाच हात वर केला.

बंडेप्पाने तो पूर्ण मोजला.

मुलं मागच्या बाकावर परतली. प्रेरणा रडत होती. हर्षिताने तिला रुमाल दिला आणि म्हणाली, "रडू नकोस गं. आधी सांग, आजीच्या खिडकीच्या पट्टीवरचा चुंबक कुठंय?"

चांगुणाबाईंनी हॉटेलच्या दुकानातून फ्रिजला चिकटवायचा छोटा पॅगोडा घेतला होता. तो त्या खिडकीच्या लोखंडी पट्टीला चिकटवून ठेवत. आता पट्टी मोकळी होती!

"बरूबर घेऊन गेली!" संघपालचे डोळे चमकले. "म्हंजे ती कुणालाबी दाखवणार. लोक तिला कुठं नेतील?"

"पॅगोड्याला!" दोघी एकदम म्हणाल्या.

रेशमाच्या दुकानात एक दालन होतं. तिथे किडे, कोष आणि धागा दाखवत आणि मग बराच वेळ गाद्या दाखवत. मुलांनी मागच्या रांगेतल्या तीन खुर्च्यांवर तीन टोप्या ठेवल्या.

बंडेप्पा आला. टोप्या मोजल्या. "शाबास! पोरं कशी गप बसलीत!"

पोरं तोवर मागच्या दाराने रस्त्यावर पोचली होती. झाडांवरून पॅगोड्याचा माथा दिसत होता. हर्षिताने मोबाइलला मराठीत विचारलं, मोबाइलने एका बाईंना चिनीत विचारलं आणि बाईंनी बोट दाखवलं. तिघं पळत सुटली.

फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर चांगुणाबाई बसल्या होत्या. शेजारी एक तरुण पोलीस होता आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. त्याने नुकतीच चटणी खाल्ली होती.

"आजीऽ!" प्रेरणा तिच्या गळ्यात पडली.

"आगं, ह्या लेकरानं गाडीत घालून आणलं बघ. चुंबक दाखवलं की निघालाच!"

"मग आत कामून गेली न्हाईस?" संघपालने विचारलं.

"सगळ्यास्नी सोडून एकटी कशी जाऊ?" आजीने रस्त्याकडे बघितलं. "मला हुडकायला कोण कोण आलाय?"

संघपाल बुटाची नाडी बघू लागला. नाडी नीट बांधलेली होती.

"सगळेच येतायत, आजी," हर्षिता म्हणाली. "मागून."

"नरसिंग बी?"

"हो. सगळ्यांच्या पुढं."

चांगुणाबाईंनी तिच्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं. "खोटं बोलायलीस," त्या म्हणाल्या. "पण चांगलं बोलायलीस. चला. आपुनच पुरे."

पोलिसाने डोळे पुसत सगळ्यांना आत नेलं. चांगुणाबाईंनी पॅगोड्याच्या पायरीला हात लावला, तोच हात कपाळाला लावला आणि उरलेली चटणी कागदावर काढून पायरीवर ठेवली. "खायला तिखट हाय," त्यांनी ह्युएनत्संगांना सांगितलं. "पन तुमी आमच्याकडं राहिलाव, तुमाला सवय आसंल."

पोलिसाच्या गाडीतून चौघं दुकानापाशी परतली, तेव्हा गट गाद्या घेऊन बसमध्ये चढत होता. मुलं गेली होती हे कोणाला कळलंच नव्हतं. मुलांनी खुर्च्यांवरच्या टोप्या उचलल्या, चौघं गाद्यांच्या गर्दीत बसमध्ये चढली आणि आजी सीटवरची टोपी घालून खिडकीशी बसली.

बंडेप्पा त्याला दुकानाकडून मिळणारी फुकटची गादी आणायला आत गेला होता. पुढच्या सीटवर त्याची टोपी होती.

मुलांनी एकमेकांकडे बघितलं.

"मी मोजू का?" हर्षिता गोड आवाजात म्हणाली आणि तिने मोजलं. "टोप्या सगळ्या हायत! ओके!"

"ओके?" ड्रायव्हरने विचारलं.

"ओके!" तिघं ओरडली.

बस सुटली. मागे बंडेप्पा धावत येत होता. डोक्यावर गादी असल्यामुळे तो गादीलाच पाय फुटल्यासारखा दिसत होता.

"अरे, मॅनेजर राहिला!" कोणीतरी म्हणालं.

"कसा राहील?" संघपाल म्हणाला. "टोपी हाय की! पण आम्ही कुणावर जबरदस्ती करत न्हाई. माघारी न जाता जेवायला जायचं म्हणणाऱ्यांनी हात वर करा!"

सगळ्यांना भूक लागली होती. हात वर झाले. चांगुणाबाईंनी दोन्ही हात वर केले.

आता कुठे गटाने त्यांना पाहिलं. मग सगळी हकीकत कळली आणि बसभर टाळ्या वाजल्या! रामाचार्य उभे राहिले.

"शाबास, मुलांनो! तुमची हुशारी आणि धाडस पाहून आमची मान उंचावली. मी मघाशीच म्हणत होतो, शोधायला गेलं पाहिजे!"

"झोपेत म्हणाला असाल, आजोबा," हर्षिता म्हणाली.

रामाचार्य हसले. आज त्यांना चांगलं वागायचं होतं. त्यांनी हात पुढे केला. "चांगुणाबाई, द्या बघू थोडी चटणी."

"डबा रिकामा झाला, मास्तर," चांगुणाबाई म्हणाल्या. "आज तुमचा खरा उपास."

हशा ओसरला. नरसिंगकाका गर्दीतून वाट काढत आले. डोळे लाल झाले होते. ते आईशेजारच्या रिकाम्या सीटवर बसायला वाकले.

चांगुणाबाईंनी डोक्यावरची टोपी काढली आणि त्या सीटवर ठेवली.

"धरलीय," त्या म्हणाल्या.

"कुणासाठी?"

चांगुणाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. जेवणाचं हॉटेल शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. नरसिंगकाका तिथपर्यंत उभेच गेले.