जमीन स्थिर आहे, असं धरून

सावरघाटातल्या सगळ्या गाड्यांना एकाच वेळी एकच रोग जडला होता. पायथ्याशी गॅरेज चालवणाऱ्या कुंदन घागला आधी बरं वाटलं, कारण कामाला तोटा नव्हता. पुढे मात्र त्याला त्या रोगाची धास्ती वाटू लागली.

गाडी देवराईच्या वळणावर आली की चालकासमोर पिवळा दिवा लागायचा : ट्रॅक्शन कंट्रोल, सर्किटमध्ये बिघाड. लगेच मोटरचा जोर उतरायचा आणि गाडी रांगत वर चढायची. रस्ता तर खडखडीत कोरडा!

ट्रॅक्शन कंट्रोल जुन्या गाड्यांतही असे. चाक निसटून गरगरू लागलं की जोर कमी करायचा, एवढंच त्याचं काम. आता गाड्यांना 'स्पर्शचाकं' आली होती. त्यांच्या रबरात केसाएवढ्या तारा विणलेल्या असत. अंधारात आपण भिंत चाचपतो, तसं ते चाक रस्ता चाचपायचं. चाक किती फिरलं आणि रस्ता त्याला कसा लागला, याचा मेळ सर्किट सतत घालत राही. मेळ बसला नाही तर चाक घसरलं. आणि चाक घसरलेलं नसेल, तर सर्किटच बिघडलं.

कुंदनने करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. वायरिंग उकललं, गंजलेल्या पिना घासल्या, मीटर लावून तार न् तार तपासली, सेन्सर बदलले. गॅरेजात सगळं ठणठणीत, वळणावर पुन्हा दिवा. शेवटी त्याने कंपनीने सांगितलेला उपाय धरला. गाडीला संगणक जोडून शिकवायचं, की हा संदेश खोटा आहे, लक्ष देऊ नकोस. मेकॅनिक त्याला 'समजूत घालणं' म्हणत. आज सकाळी त्याने बायकोच्याच गाडीची समजूत घातली होती. शलाका घाटमाथ्यावर माथेवाडीच्या आरोग्य केंद्रात नर्स होती. तिची गाडी कुरकुर न करता वर गेली.

दुपारी डॉ. अरुंधती केळुसकर आल्या. हे सर्किट त्यांनीच आखलेलं. एकाच घाटातून इतक्या तक्रारी कशा, हे पाहायला त्या स्वतःच्या गाडीने आल्या होत्या. कुंदनला शेजारी बसवून त्या थेट देवराईपाशी गेल्या. दिवा लागला. त्यांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि चाकांकडून येणारा संदेश स्पीकरला जोडला.

खोल, जडशीळ घरघर ऐकू आली. मध्येच काहीतरी करकरलं.

"घागसाहेब, गाडी उभी आहे ना?"

"उभीच आहे की मॅडम."

"मग हे कोण सरकतंय?"

कुंदनने दार उघडून खाली पाहिलं. डांबर जसंच्या तसं होतं, भेगसुद्धा नव्हती.

"डोळ्यांना दिसणार नाही," बाई म्हणाल्या. "आतले थर एकमेकांवरून सरकतायत. आपल्या पायाला ते कळत नाही, चाकाला कळतं. सर्किट आखताना मी दोनच शक्यता धरल्या, चाक चुकेल किंवा सर्किट चुकेल. जमीन स्थिर आहे, हे धरूनच चालले होते. त्यामुळे डोंगर हलला तरी गाडी बिचारी म्हणते, माझंच काहीतरी बिघडलंय."

"आणि मी सगळ्यांची समजूत घातली," कुंदन पुटपुटला.

त्याने शलाकाला फोन लावला.

"आज त्या रस्त्याने खाली येऊ नकोस. डोंगर सरकतोय."

"काय बोलताय तुम्ही? सकाळी तर गाडी लोण्यासारखी आली."

"म्हणूनच सांगतोय! पलीकडच्या पायवाटेने उतर. वाडीतल्या लोकांनाही घे."

"अहो, एक बाळंतीण आहे इथे."

"डोलीत घाला. शलाका, पाया पडतो तुझ्या."

हा माणूस असं कधी बोलत नाही, हे तिला ठाऊक होतं. "बरं," ती म्हणाली.

रस्ता बंद करायला पायथ्याच्या पोलीस चौकीवरचे लोक तयार होईनात. पिवळ्या दिव्यावरून कोणी घाट बंद करतं का, असं म्हणून त्यांनी वरिष्ठांना विचारायचं ठरवलं. ते विचारत असतानाच, उन्हं कलायच्या सुमारास, देवराईसकट अख्खा उतार दरीत गेला. माथेवाडीची माणसं पायवाटेने खाली पोचली होती. रस्त्यावर मात्र दत्ताराम खेराडेचा दुधाचा टेम्पो होता. त्या टेम्पोची समजूत कुंदननेच घातली होती.

त्यानंतर सरकारने सगळ्या गाड्यांतली समजूत काढून टाकायला लावली. दिवे पुन्हा लागू लागले. शेजारच्या दोन घाटांत लागले, धरणाखालच्या वस्तीत लागले, खाडीपुलावर लागले. कुंदनला वाटलं, आता माणसं सामान बांधतील.

माणसं त्याच्या गॅरेजपुढे रांगा लावू लागली.

"दादा, दिवा तेवढा बंद करून द्या," धरणाखालच्या वस्तीतली एक बाई म्हणाली. कडेवरचं मूल तिच्या खांद्यावर झोपलं होतं.

"ताई, तो खोटं बोलत नाही. तुम्ही ती जागा सोडा."

"सोडून जाऊ कुठे? घर तिथेच, शेतही तिथेच. दारात गाडी चालू केली की दिवा लागतो. पोरं रडतात, सासूबाई जेवत नाहीत. राहायचं तिथेच आहे, तर निदान न घाबरता तरी राहू द्या."

कुंदनने चावी तिच्या हातात परत ठेवली. ती रस्ता ओलांडून समोरच्या गॅरेजात गेली. थोड्या वेळाने तिची गाडी बाहेर आली आणि धरणाच्या दिशेने वळली. मागच्या काचेतून तिची पोरं त्याला हसून हात हलवत होती.